वेगळी चूल

आमच्याकडे ‘त्यांनी वेगळी चूल मांडली’ एवढे म्हटले की पुढचे कोणाला विचारावे लागत नाही. भावाभावांचे बिनसले, शेताच्या मध्ये बांध पडला, जावांचे बोलणे तुटले आणि म्हाताऱ्या आईच्या जेवणाच्या पाळ्या लागल्या, हे सगळे त्या एका वाक्यात येते. माझी थोरली बहीण आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, सोडून विश्वासी लोकांच्या एका नव्या संगतीत जाऊ लागली, तेव्हा नात्यातल्या एका काकांनी हेच वाक्य उच्चारले होते. त्यांचा सूर असा होता की पप्पा एकदम म्हणाले, “अहो, चूल वेगळी आहे, घर नाही.” त्या वेळी मला ते नुसते वेळ मारून नेणारे उत्तर वाटले. आज त्या उत्तराविषयीच लिहायला बसले आहे.

आमचे घर नगर जिल्ह्यातले, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. पप्पा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवत. त्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, आमचाही तसाच झाला, आणि त्यात काही उणे आहे असे कोणाच्या मनातही आले नव्हते. २००९ च्या हिवाळ्यात ताईने सांगितले की ती पुन्हा बाप्तिस्मा घेणार, नदीत बुडून घेणार. “पप्पा, ज्याला विश्वास म्हणजे काय ते कळत नाही त्याच्या डोक्यावर चार थेंब शिंपडले तर त्याला बाप्तिस्मा कसे म्हणायचे?” तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता; तिला खरोखरच उत्तर हवे होते. पण या एका प्रश्नाने पप्पांचा बाप्तिस्मा, त्यांना मांडीवर घेऊन वेदीसमोर उभ्या राहिलेल्या आजीची श्रद्धा, आणि स्वतः ताईला घेऊन ते जिथे उभे राहिले होते ती सकाळ, सगळेच रद्दबातल ठरत होते. पप्पा दोन दिवस काही बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी प्रवरेच्या काठी ते आले. हातात कापडी पिशवी होती, पिशवीत जाड टॉवेल आणि आईचे एक कोरडे लुगडे. ते पाण्यात उतरले नाहीत, सर्वांनी ‘आमेन’ म्हटले तेव्हा त्यांचे ओठ हलले नाहीत, गाणी चालू असताना ते बाभळीखाली लांब उभे राहिले. ताई निथळत वर आली तेव्हा मात्र त्यांनी पुढे होऊन टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला. परतीच्या एसटीत मी विचारले, “तुम्हाला पटले का?” ते म्हणाले, “नाही पटले. थंडी होती म्हणून गेलो.”

पप्पांना या वादाचा इतिहास चांगला माहीत होता, आणि मला वाटते त्यांची शांतता काही अंशी तिथून आलेली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती परंपरांनी एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन केली. त्यांत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते, आणि फक्त कळत्या वयात, स्वतःच्या कबुलीनंतरच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. या एका प्रश्नावर युरोपात लोकांनी एकमेकांना पाण्यात बुडवून मारले होते. इथे अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर ठरले ते असे की दोन्ही रीती राहतील. एका मंडळीत राहतील. आणि कोणी कोणाच्या रीतीला खोटे म्हणणार नाही. कोणाचे मत बदलले म्हणून हे घडले नाही. मत न बदलता एका मेजावर प्रभुभोजन कसे घेता येईल, याची ती तजवीज होती. पप्पा ताईला म्हणत, “तुझी रीत आपल्या मंडळीतही बसते, ग. तुला आमची बसत नाही, एवढीच अडचण आहे.” ताईला ते मान्य नव्हते. सत्य दोन असू शकत नाहीत, असे ती म्हणे. तिचे हे म्हणणे मी इतके दिवस हट्ट समजत होते; आता वाटते, ज्याला सत्याची एवढी चाड आहे त्याच्याशी निदान भांडता तरी येते. ज्याला सगळे सारखेच वाटते तो भांडत नाही, पण फार जवळही येत नाही.

माझे स्वतःचे वागणे पप्पांसारखे नव्हते. तीन वर्षांनी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. ताई उपासनेला येणार नाही हे ठरलेलेच होते. आदल्या रात्री तिने पांढरे झबले पाठवून दिले, हाताने शिवलेले, गळ्याशी बारीक टाक्यांची वेल काढलेले. तिला या विधीत भाग घ्यायचा नव्हता, पण भाचीला त्या दिवशी काय घालायचे याची तिला काळजी होती. मी ते झबले कपाटात ठेवून दिले आणि मुलीला बाजारातून आणलेला फ्रॉक घातला. त्या दिवशी ते मला फार स्वाभिमानाचे वाटले होते. झबले अजून तसेच आहे. मुलगी आता आठवीत गेली.

या प्रकारच्या दुराव्याची आमच्या भागातली सर्वांत मोठी गोष्ट टिळक पतिपत्नींची आहे, आणि ती आमच्या घरांत इतक्या वेळा सांगितली जाते की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असेही म्हणाला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथवर उपदेशक उत्साहाने सांगतात. त्या दिवशी पत्नी कुठे होती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, मुलगा जेमतेम साडेतीन वर्षांचा. अकराबाराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लागले, ज्याने अक्षरओळख करून दिली, ज्याच्या रागालोभाभोवती आयुष्य फिरले, तो माणूस त्यांना मागे ठेवून एका अशा ठिकाणी निघून गेला होता जिथे त्या काळच्या चित्पावन बाईला त्याच्या हातचे पाणीही घेता येत नव्हते. मला टिळकांचा राग येतो, हे इथे लिहूनच टाकते. ज्याला सत्य सापडले आहे त्याला ते लपवून जगता येत नाही, हे मला समजते. पण सापडलेल्या सत्याची किंमत घरातल्या दुसऱ्याच माणसाने मोजावी, हे समजले तरी पचत नाही.

लक्ष्मीबाई पुढची वर्षे पंढरपूरला बहिणीच्या घरच्या आधाराने राहिल्या. विठोबाच्या गावात, वारकऱ्यांच्या गर्दीत, ‘बाटलेल्या’ माणसाची बायको म्हणून. त्यांनी नवऱ्याची निंदा करून आपली जागा पक्की करून घेतली असती तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही, आणि नवऱ्याच्या प्रेमापायी आपला धर्म सोडायलाही त्या तयार झाल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी म्हातारपणी लिहिली तेव्हा या वर्षांविषयी त्या रडगाणे गात नाहीत. विनोद करतात, आणि विनोद करता करता वाचणाऱ्याच्या घशात काही अडकून राहते.

दुसऱ्या बाजूला टिळकांनाही एक वाट मोकळी होती, आणि ती आज फारशी कोणाला आठवत नाही. १८६६ साली सरकारने खास ख्रिस्ती झालेल्यांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल, तर ठरावीक मुदतीनंतर न्यायालयाकडून तो विवाह मोडून घेता येई आणि मग ख्रिस्ती झालेल्या माणसाला दुसरे लग्न करता येई. या कायद्यामागे बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राची सावली आहे: विश्वास न ठेवणारा जोडीदार आपण होऊन वेगळा होत असेल तर होऊ द्यावा, असे पौल म्हणतो. पण त्याच्या अगोदर तो हेही म्हणतो की तो जोडीदार नांदायला राजी असेल तर विश्वास ठेवणाऱ्याने त्याला सोडू नये. कायद्याने पत्राचे एक टोक धरले. टिळकांनी दुसरे धरले. त्यांच्यावर माझा राग आहे म्हणून त्यांचे हे श्रेय मी बुडवणार नाही.

लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या सोवळ्यासकट आल्या. धर्म बदलायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला आल्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मिशनच्या वर्तुळात वावरणाऱ्या, तिथे शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती उपदेशकाच्या संसारात ब्राह्मणी सोवळे पाळले जात होते, आणि ज्याच्या शिवण्याने ते मोडायचे तोच त्या घराचा यजमान होता. आजूबाजूच्या दोन्ही समाजांना हे हास्यास्पद वाटले असणार. मला मात्र या सगळ्या हकिकतीतले हेच दिवस सर्वांत मोलाचे वाटतात. रोज सकाळी एक माणूस घरातल्या घरात एका रेषेपलीकडे थांबतो, कारण रेषेपलीकडचे माणूस त्याला हवे आहे. ही रेषा त्याला खोटी वाटते, तिला खरी वाटते, आणि तिला खरी वाटते एवढे कारण त्याला थांबायला पुरते.

मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआपच प्रश्न उभा राहिला की जाती देवाने केल्या की माणसाने. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना दिसतात, माणसांत तर स्त्री आणि पुरुष याखेरीज काही दिसत नाही. उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले, आणि त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास सुरुवात केली. नवऱ्याने वाद घालून त्यांना हरवले नव्हते. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे प्लेगच्या साथीत केलेली सेवा, घरात वाढलेली परकी मुले, आणि टिळकांनी अर्धवट टाकलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या १९१९ मधील मृत्यूनंतर पुरे करणे, हे सगळे सर्वश्रुत आहे. बालकवी ठोंबरे यांच्यासारखा हिंदू तरुण कवी त्या ख्रिस्ती घरात पोटच्या मुलासारखा राहिला, यालाही मी त्या वेगळ्या चुलीचीच पुण्याई समजते. ज्या घराने स्वतःच्या आत दोन चुली पाहिल्या होत्या, त्याला तिसऱ्याची अडचण वाटली नाही.

पण आमच्याकडे ही गोष्ट सांगतात ती शेवट गोड आहे म्हणून. बाप्तिस्मा झाला, वाट पाहण्याचे सार्थक झाले, असा तिचा रोख असतो. हा रोख मला खटकतो. समजा लक्ष्मीबाईंना तो प्रश्न पडलाच नसता, आणि टिळकांच्या अखेरपर्यंत त्या आपल्या सोवळ्यातच राहिल्या असत्या. मग त्या दोघांची एकमेकांवरची निष्ठा उणी ठरली असती का? वाट पाहणे जर शेवटी जिंकण्यासाठी असेल, तर ते प्रेम फार तर चिकाटी म्हणवेल. म्हणून मी ही गोष्ट स्वतःला सांगते तेव्हा १९०० च्या अलीकडेच थांबवते, दोन चुली पेटलेल्या असतानाच.

ज्यांच्या चुली पुन्हा कधी एका छपराखाली आल्या नाहीत, अशांच्याही हकिकती महाराष्ट्रात आहेत. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा लहान मुलगा होता आणि तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला परत घरच्यांच्या स्वाधीन केले. घर मिळाले, पण जात मिळेना. ख्रिस्ती लोकांबरोबर जेवलेल्या मुलाला पंक्तीत घ्यायचे कसे, यावर रण माजले. अशा वेळी बाळशास्त्री जांभेकर, ज्यांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढले, ते या मुलाच्या बाजूने उभे राहिले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून त्यांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्री ख्रिस्ती नव्हते, होणारही नव्हते. एका पोराला दोन्ही दारे बंद होताना त्यांना पाहवले नाही, एवढेच. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल वसवले आणि दलितांमध्ये काम केले. दोन भावांतले अंतर शेवटपर्यंत राहिले. ख्रिस्ती वाचकाने या प्रकरणात आपला नायक नारायण मानावा हे साहजिक आहे. मी मात्र उपासनेत ‘शेजाऱ्यावर प्रीती’ हे शब्द ऐकते तेव्हा बाळशास्त्री आठवतात.

आणि एकाच प्रभूला मानणाऱ्यांतली ओढाताण पाहायची तर पंडिता रमाबाई आणि इंग्लंडमधल्या जोगीण सिस्टर जेराल्डिन यांची पत्रे पाहावीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. थोड्याच दिवसांत दोघींचे खटके उडू लागले. रमाबाई पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याविषयी प्रश्न विचारत, शाकाहार सोडत नव्हत्या, आणि क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत असे विचारत. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हे त्यांनी स्वच्छ कळवले. जेराल्डिनना हा गर्व वाटला आणि तसे त्यांनीही आडपडदा न ठेवता लिहिले. तरीही या बोचऱ्या पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणतात, मराठी शब्दानेच. मनोरमेला त्यांनी काही काळ जेराल्डिन यांच्याच देखरेखीखाली ठेवले. आणि जेराल्डिननी ही पत्रे, ज्यांत त्यांना स्वतःला टोले बसलेले आहेत, ती सर्व जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

येशूने स्वतःच म्हटले आहे की मी शांतता नव्हे तर तलवार चालवायला आलो, आणि माणसाचे वैरी त्याच्या घरचेच होतील. ताई हे वचन मला अनेकदा ऐकवी. एकदा पप्पा पेटीचा भाता दाबता दाबता थांबले आणि म्हणाले, “तलवार आपण आणतो असे तो म्हणाला. तुम्ही तिला धार लावून द्या, असे नाही म्हणाला.” ताई हसली. पुढचे तिने ऐकवले नाही. त्या दोघांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. पप्पांच्या आजारपणात रात्री उशाशी ती बसे, प्रार्थना तिच्या पद्धतीने मोठ्याने करी, आणि ते डोळे मिटून ऐकत. त्यांच्या अंत्यविधीला आमच्या पाळकसाहेबांनी ठरलेल्या क्रमाने उपासना चालवली. ताई लिखित प्रार्थना म्हणत नाही, पण त्या दिवशी तिने पुस्तक हातात धरले होते.

आमच्या भिंतीला भिंत लागून जोशीकाकूंचे घर आहे. (नाव बदलले आहे, काकू तशाच आहेत.) त्यांच्याकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो. मूर्तीला अर्पण केलेले खावे की नाही, हा करिंथच्या मंडळीपुढचा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात वर्षातून एकदा शिऱ्याच्या वासासह येतो. पौलाचे उत्तरही दुपदरी आहे: बाजारातले काही चौकशी न करता खा, पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पप्पा प्रसाद दोन्ही हातांनी घेत, घरी आणून मेजावर ठेवत, आभार मानत आणि खात. ताई घेत नाही. पहिल्या वर्षी तिने नको म्हटले तेव्हा काकूंचा चेहरा पडला होता, आणि मी ताईला नंतर बरेच बोलले होते.

ताई प्रसाद आजही घेत नाही. पण पूजेच्या दिवशी सकाळी सहाला ती काकूंकडे हजर असते. काकूंचे गुडघे गेल्यापासून पन्नास माणसांचे नारळ खवणे, भाज्या चिरणे आणि कणीक मळणे तिच्याकडे आहे. पूजा सुरू झाली की ती मागच्या पडवीत जाते आणि काकूंच्या नातवंडांना सांभाळते. अडचण एकच होती. दुपारपर्यंत राबणाऱ्या बाईला उपाशी कसे ठेवायचे? घरातले सगळेच अन्न नैवेद्याचे, आणि नैवेद्य दाखवण्याआधी त्याला कोणी तोंड लावायचे नसते. मागच्या श्रावणात मी मदतीला गेले तेव्हा ओट्याच्या कडेला, बाकीच्या भांड्यांपासून दूर, लहान शेगडीवर एक पितळी पातेले दिसले. मी झाकण उचलून पाहिले. आत मुगाची खिचडी होती.

“ते हलवू नकोस,” काकू पाटावरूनच म्हणाल्या. “ते देवाचे नाही. ते ताईचे आहे.”